फळीची मागची बाजू

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. दुपारी २.१०.
संग्रहालय आज बंद. मागच्या खोलीत गलबताच्या फळीला तेलाचा दुसरा हात देऊन आत्ताच बसलो. हात साबणाने दोनदा धुतले, तरी वहीला वास लागतोय.

फळी सागवानी, साडेपाच फूट. वेल आणि आठ पाकळ्यांची फुलं कोरलेली. मरियमखालांनी पंधरा दिवसांपूर्वी संग्रहालयाला दिली. त्यांच्या आजोबांचं गलबत मलबारपर्यंत जायचं. ते मोडलं तेव्हा नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकाची, एवढी फळी घरात राहिली. लाकूड इतकं सुकलं होतं की भेगेत नख जात होतं. बघवेना. मामाकडून मुशी माशाचं तेल आणलं, चंद्रूस (राळ) घालून. मामा होडीला तेच लावतो. आधी कोमट फडक्याने दोन्ही अंगं पुसली. मागे पिवळट-तांबूस डाग होते. पाच-सहा वेळा घासल्यावर गेले.

तेलही दोन्ही अंगांना. मामा म्हणतो, एक बाजू प्यायली आणि दुसरी उपाशी राहिली की फळी वाकते.

१६ तारखेला नवं दालन उघडायचं. त्यानंतर संग्रहालयाची समिती माझ्या नोकरीत कायम होण्याचं बघणार आहे. फळी चमकतेय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
सकाळी धर्माकाका (पहारेकरी) दारातच नाक धरून उभे. "काय रं सुनल्या, म्युझियम हाय का मावऱ्याचा बाजार?"

११ वाजता मॅडम आल्या. संग्रहालय त्याच बघतात; मुंबईहून, मंगळवार-शुक्रवार येतात. फळीजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"कुणी सांगितलं होतं?"
"कुणी नाही."
"आधीचे फोटो?"
पुढच्या बाजूचे आहेत. मागच्या बाजूचा एकही नाही.
म्हणाल्या, "सुनील, होडी समुद्रात जायची असते म्हणून तेल लावतात. ही आता कुठे जाणार आहे?"

नोंदवहीत सगळं लिहायला सांगितलं. तेल कुठलं, किती, कशाने पुसलं. लिहिलं. 'चंद्रूस' शब्दकोशात पाहून लिहिला.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
शाळेची सहल. चाळीस मुलं. मॅडम नसल्या की माहिती मीच सांगतो. संग्रहालयाचं हे घर म्हणजे गावाचं पंपघर होतं, तळ्याचं पाणी इथून टाकीत चढायचं. नळाचं पाणी बाहेरून आलं, पंप थांबला. मग ड्रॉइंगच्या एका मास्तरांनी नगरपालिकेकडून रिकामं घर मागून घेतलं आणि सायकलवरून घरोघर फिरून चित्रं जमवली. म्हणून आपल्याकडे राजे-सरदार नाहीत. मिठागरं आहेत, जाळं विणणारे हात आहेत, पेणच्या कुणा कारागिराने काढलेली गणपतीची कच्ची चित्रं आहेत. मुलांना पंपाच्या खड्ड्यावरची काचच जास्त आवडली. तिच्यावर उभं राहायला घाबरतात आणि उभी राहतात.

दुपारी तळ्याचा उजेड छतावर हलतो. एका मुलीने विचारलं, हे पण चित्र आहे का. शाळेच्या बाईंनी तिला गप्प केलं. मी हो म्हणणार होतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
मरियमखाला आल्या. रिक्षाने, नातवाबरोबर. दोन वर्षं गुडघ्याने घराबाहेर नाहीत, तरी आल्या. फळी समोरून बघून खूश. "माशाअल्ला, नवरीसारखी केलीस." मग म्हणाल्या, "उलटी कर, बेटा."

केली. त्यांनी हात फिरवला. खालच्या कोपऱ्यापासून वर, परत खाली. चष्मा पुसला.

"इथे अम्मीची बोटं होती." गलबत निघायचं त्या दिवशी त्यांची आई संदलमध्ये (उगाळलेल्या चंदनात) बोटं बुडवून नाळेच्या आतल्या अंगाला पाच ठिपके लावायची. बाहेरून नाही. बाहेर लाटेने जातील म्हणून. शेवटच्या फेरीचे तसेच राहिले होते. लहानपणी खाला त्यांच्यावर स्वतःची बोटं ठेवून बघायच्या.

मी फळीची कड धरून ठेवली.

नातू म्हणाला, "नानी, दुसऱ्या फळीवर असतील. तुम्हाला हल्ली काय काय आठवतं."
"दुसरी फळी कुठे होती रे?" मग स्वतःच म्हणाल्या, "असेल. माझं डोकं आता... असेल."

आणि माझी पाठ थोपटून गेल्या.

धर्माकाकांना सांगितलं. म्हणाले, "गप बस. तिला काय दिसतंय? सांगशील तं सोळा तारखेच्या आत घरी जाशील." थोड्या वेळाने चहा घेऊन आले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
मॅडमना सांगितलं. नोंदवहीत मी 'डाग पुसले' असं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

म्हणाल्या चूक माझीही, फळी आली त्याच दिवशी मागचा फोटो काढायला हवा होता. आणि मग, "खालांना आपण सांगू. १६ झाल्यावर. समितीतले लोक आधीच म्हणतात, शिकलेला माणूस घ्या."

माझ्या भल्यासाठीच म्हणाल्या, हे कळतं. पण तोपर्यंत नऊ दिवस त्या बाई घरात बसून...

शनिवार, ८ नोव्हेंबर.
बॅटरी आडवी धरून मागची बाजू तासभर पाहिली. खालच्या कोपऱ्यात दोन जागी तेल कमी मुरलंय. बोटाच्या पेराएवढ्या जागा. संदल असेल, किंवा लाकडाची गाठ. मला हवं म्हणून दिसतंय का? काकांना दाखवलं. ते म्हणाले व्हय. मग म्हणाले न्हाय.

ज्याने डाग पुसले ते फडकं मी त्याच दिवशी धुऊन वाळत घातलं होतं. मी सगळी फडकी धुतो.

सोमवार, १० नोव्हेंबर.
खालांकडे गेलो. आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला घर. दोन एसट्या. केळी नेली. नातू दारात होता, म्हणाला नानीला दोन दिवस बरं नाही, जेवताना विचारतात, अम्मीचं नाव मी बरोबर सांगते ना?

आत जाऊन उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. डाग होते, मी पुसले, मळ समजलो, पाच-सहा वेळा घासले.

खालांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग, "कशाने?"
"ओल्या फडक्याने."
"साबण?"
"नाही. कोमट पाणी."
"किती होते?"
"मोजले नाहीत, खाला. चार-पाच."
"पाच." एकदम मोठ्याने. "पाचच होते! ऐकलंस रे?" हे नातवाला. "मी चार दिवस स्वतःला येडी समजते, आणि हा येडा माझ्यासमोर उभा होता!"

मग रडल्या. मला वाटलं माझ्यावर चिडून, पण माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. नातवाने पाणी आणलं, ते त्याला परत दिलं. "तू पी. तू सांगत होतास ना, दुसरी फळी."

खूप बोलल्या मग. घर दिलं असतं तर झाडू मारून भिंत पाडली असतीस. अम्मीच्या हाताचा एकही फोटो नाही, काढू द्यायची नाही. हे सगळं ऐकून घेतलं. माफी मागितली तेव्हा हात झटकला.

दोन जागांचं सांगितलं. खात्री नाही, हेही सांगितलं. म्हणाल्या, "त्या मी बघेन. तू बघू नकोस आता."

निघताना म्हणाल्या, फळीखाली जी चिठ्ठी लावता तिच्यात लिही. बोटं होती, पाच होती, आणि कुणी पुसली तेही. "न्हायतर फळी परत आणून दे. पडवीत जागा आहे."

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
फळीची चिठ्ठी लिहिली. चार वेळा. शेवटची अशी:

'गलबताच्या नाळेवरची फळी. साग. मागील बाजूस, गलबत निघताना घरच्या स्त्रीने संदलात बुडवलेल्या बोटांचे पाच ठिपके होते. ते संग्रहालयात साफसफाई करताना पुसले गेले.'

मॅडमनी वाचली. म्हणाल्या, "'पुसले गेले' हे कुणी लिहितं माहितेय? ज्याने पुसले तो." मी पेन घेतलं. 'संग्रहालयाचे साहाय्यक सुनील यांनी पुसले' असं केलं. 'यांनी' खोडून 'याने' केलं.

त्यांनी परत वाचली. बदल सांगितला नाही. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, उद्या समितीची बैठक आहे. जाताना फळी भिंतीपासून हातभर पुढे आणून ठेवायला सांगितली, मागून माणूस जाईल एवढी. कशासाठी ते विचारायचं राहिलं.

खर्च: एसटी जाताना ४५, केळी ६०, जाड कागद चार ४०. एकूण १४५.
देणे: मामाला तेलाचे १५०. मरियमखालांना ४५, परतीचं भाडं. नको नको म्हणत असताना मुठीत कोंबलं, म्हणाल्या चालत जाशील उगाच. घेतलं.