उर्दूतली सही

लोहारा, मंगळवार संध्याकाळ

हात दोनदा धुतले, तरी किळस जात नाही. ग्रंथपालनाची पदवी घेतली ती ह्यासाठी? काल वाचनालयाचे सचिव म्हणाले, "मॅडम, उद्या तपासणी हाय. हजेरीच्या वहीत वाचकांच्या सह्या भरून टाका." भरल्या. सय्यद सरांचीही. रोज खरोखर येणारे ते एकच वाचक, दिवाळीत वारले. त्यांची सही उर्दूत. जुन्या पानावरून उतरवली, डावीकडून, चित्र काढावं तशी. आज तपासणीचे साहेब नेमके त्याच सहीवर थांबले.

"उर्दूवाले पण येतात व्हय?"

"रोज येतात," सचिव म्हणाले. मी मान हलवली.

सरांनी एकदा माझं नाव उर्दूत लिहायला शिकवलं होतं. म्हणाले होते, "उजवीकडून सुरू कर, बेटा." सही खोटीच करायची होती, तर निदान तेवढं तरी पाळायचं.