आजीच्या गळ्यातली पाटी

ती. सेइकोमामा,

तोक्योहून तुमच्या हारुनाचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वादळात छप्पर टिकलं ना? तुमची कारली पोचली. (दोन शेजारणीला दिली, तेव्हापासून ती बोलत नाही.) मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि मधल्या वेळात पस्तावते.

साम्राज्याशी झुंजणाऱ्या बेटाची, मी लिहिते ती आमची कार्टून मालिका तुम्ही पाहताच. सरकारी शाळेत एक पोर बेटाच्या बोलीत बोलते, म्हणून मास्तर तिच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवतात, तो प्रसंग आपल्या नाबे आजीचा, हे तुम्हाला काय सांगायचं! लोक ढसाढसा रडले. इथवर ठीक. पण आमचे निर्माते कुरिबायाशीसाहेब (सम्राटाच्या आवाजासाठी उगाच बाहेरचा नट आणला, घरचाच होता) डोळे पुसत म्हणाले, "लोक ज्यावर रडतात, तेच विकत घेतात. पाट्या करायला टाका!"

मी उठून म्हटलं, "साहेब, ती माझ्या आजीच्या गळ्यात होती. खेळणं नव्हे ते." साहेबांनी मोठ्या अदबीने मान लववली, सगळ्यांना आजीसाठी मिनिटभर स्तब्ध उभं केलं (आजी ठणठणीत आहे हे सांगायला मला कोणी वावच दिला नाही) आणि दोरी लाल हवी की निळी, यावर चर्चा सुरू केली. लाल ठरली.

रविवारी चाहत्यांचा मेळावा होता. जिकडे तिकडे गळ्यात पाटी! सम्राटाच्या शिपायांचे पोशाख केलेली पोरं पाटीवाल्यांच्या गळ्यात गळे घालून फोटो काढत होती. एक मुलगी पाटी पुढे करून म्हणाली, "ताई, हिच्यावरच सही करा ना!"

"ही कशासाठी घालायचे, ठाऊक आहे?"

"हो तर! आपल्या बोलीत बोललं की मिळते."

"मग तुझी बोली कुठली?"

ती गोंधळली. "माझी? आजी उत्तरेकडची होती माझी. काहीतरी बोलायची. आम्ही हसायचो." मग हळूच पाटी उतरवून तिने पिशवीत टाकली आणि सही न घेताच निघून गेली. मामा, शहाणपणा शिकवून झाला, पण त्या पोरीचा पडलेला चेहरा काही डोळ्यांपुढून हलत नाही. मला तरी तिला विचारायचा काय अधिकार होता?

पाट्यांच्या विक्रीचं आजीच्या कानावर जाऊ देऊ नका. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
हारुना

ता. क. खरं काम राहिलंच. मालिकेच्या शेवटच्या भागात शाळेतली ती पोर पाटी भिरकावून मास्तरांना बेटाच्या बोलीत शिवी हासडते. ती शिवी मला येत नाही. परवा आजीला फोन केला, तर तिने हौसेने धडाधड आठ-दहा ऐकवल्या. मला एकही कळली नाही. "आजी, जपानीत सांग ना," म्हटलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तेव्हा तुम्हीच तिच्याकडून लिहून घ्या, अर्थासकट.

पुन्हा ता. क. आई म्हणते, तुम्हालाही बेटाची बोली जेमतेमच कळते. मग राहू द्या. सुट्टी काढून मीच येते. तेवढं आजीला विचारून ठेवा, शिकवायला बसेल का? शिव्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.