सात जणांचा कॅप्टन

२ फेब्रुवारी
आमच्या रग्बी क्लबचं नाव स्पर्धेत गेलं. छोटा प्रकार: एका बाजूला सातच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. अशा खेळाला पायांपेक्षा डोकं लागतं, म्हणून कॅप्टन मीच. वय चव्वेचाळीस. उद्यापासून रोज पाच किलोमीटर पळणे.

३ फेब्रुवारी
पळालो नाही. गुडघे स्पर्धेसाठी राखून ठेवलेले बरे. त्याऐवजी ऑफिसात डावपेच आखले. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या मागे जागा भरपूर असते.

९ फेब्रुवारी
सराव. मेहुणा सगळ्यांत जोरात पळतो. पण बायकोचा सख्खा भाऊ पडला. लोक वशिला म्हणतील. त्याला राखीव ठेवला. त्याच्या जागी मी.
बायको म्हणाली, तुम्हाला जिना चढताना कठडा धरावा लागतो. घरच्यांना खेळातलं कळत नाही.

१५ फेब्रुवारी
आमच्यातल्या प्लंबरला बजावलं, की बॉल माझ्याकडे असताना जवळपास राहायचं. तो म्हणाला, राहतो साहेब, फक्त वेळेत सोडा. माणूस चांगला, पण शिकवायला जातो.

२२ फेब्रुवारी, दुपारी १
पहिली मॅच. ०–४१. आकड्यावर जाऊ नये. पहिलं दीड मिनिट बरोबरी होती.

दुपारी ४
दुसरी मॅच. १२–१४, शेवटचं मिनिट. मेहुणा बाहेरून ओरडत होता, की आता तरी मला आत घ्या. दुर्लक्ष केलं. बॉल माझ्याकडे आला. समोरून त्यांचा सगळ्यांत आडदांड गडी धावत आला. मी शिताफीनं बॉल मागे प्लंबरकडे दिला. तो जागच्या जागी उभा, दोन्ही हात हलवत होता. नको म्हणत होता असं बाकीचे म्हणतात. मला वाटतं, मागत होता. आडदांड त्याच्यावर जाऊन आदळला. कडकन आवाज आला.
पास मात्र अचूक होता.

२४ फेब्रुवारी
प्लंबरचं खांद्याजवळचं हाड मोडलंय. दोन महिने पाना धरायचा नाही. हॉस्पिटलात जाऊन आलो. फळं न्यायची राहिली, पण त्या पासचं चित्र काढून नेलं. त्यानं कुठे उभं राहायला हवं होतं, तिथे बाण. त्याच्या बायकोनं कागदाच्या चार घड्या घातल्या, माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली, साहेब, तुम्ही आता निघा.
बिचारी दमलीय.

२८ फेब्रुवारी
क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या मोसमाचं भाषण टाकलं. अजून कोणाचं उत्तर नाही. विचारात पडले असणार.

१ मार्च
ग्रुपमध्ये मी एकटाच दिसतोय. फोन बंद करून चालू केला. तरी एकटाच.
बायकोला विचारलं. ती भांडी विसळता विसळता, मागे न वळता म्हणाली, त्यांनी नवा ग्रुप केलाय, कॅप्टन तुमचा मेहुणा. तिला हे आठवड्यापासून माहीत होतं.

९ मार्च
मैदानावर गेलो. सल्लागार कोणत्याही टीमला लागतोच. प्लंबर गळ्यातल्या पट्ट्यात हात अडकवून सराव घेत होता. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. मेहुणा पळत आला. वाटलं, माफी मागतोय. म्हणाला, भावजी, रेषेच्या बाहेर थांबा, बॉल आला तर तेवढा परत फेका.
थांबलो. दीड तास.
बॉल दोनदा आला. पहिल्यांदा मी फेकला, तो निम्म्यातच पडला. दुसऱ्यांदा मी वाकायच्या आत प्लंबर स्वतः आला आणि एका हातानं उचलून घेऊन गेला.