जपानी साहेब बाळंतिणीच्या घरी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी कोण आलं तर शेजारची गवराबाई. साखर मागायला! हातात वाटी न्हाई, अन् नेसलेली लग्नातलं लुगडं. म्हटलं, "गवरे, साखर पदरात नेणार व्हय?" बसली दारातच. जपानी साहेब बघितल्याशिवाय हलायची न्हवती.

साहेब येणार होता आमच्या नातसुनेकडं, सुप्रियाकडं. ती दुभाषी हाय. त्यांचं मराठीत करते, आपलं जपानीत. चाकणच्या कंपनीत तिच्यावाचून अडलंय. दुसरं माणूस मिळंना — इकडं जपानी, तिकडं कोरियन, पलीकडं जर्मन, दुभाषे पुरायचे कुठनं? मी लग्न होऊन आले तवा इथं बटाट्याची वावरं होती. आता सगळ्या जगाची माणसं. सुप्रियानं घरनं फोनवर करून बघितलं, तर मशीनच्या आवाजात काही कळंना. अन् सुप्रिया तर ओली बाळंतीण. माहेरी आई न्हाई पोरीला, म्हणून बाळंतपण इथंच. तिची सासू, म्हणजे माझी सून जयमाला, सव्वा महिना तिला उंबरा ओलांडू देत न्हाई. पोरगी धास्तावलेली. "आजी, त्यांना दुसरी मिळाली तर माझं काम गेलं."

मीच म्हटलं, तिनं उंबरा ओलांडायचा न्हाई ना? मग त्यांना ओलांडू द्या.

"आत्याबाई, तुमचं म्हणजे..." जयमाला म्हणाली. पण शेगडी आत सरकवली, लाडूचा डबा बाहेर काढला.

साहेबाचं नाव ओदा. संगं कंपनीतला सनी, भोसरीचा. साहेबानं न सांगता बूट काढले. बाहेरनं आलेल्यानं बाळंतिणीच्या घरात पाय धुऊन यायचं, म्हणून जयमाला तांब्या घेऊन उभी. त्यानं मोज्यासकट पाय पुढं केले! बसला बिचारा ओल्या मोज्यानं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काल राहिलंच. सुप्रिया पडद्याआड बाळाला पाजत होती, तिथनंच बोलत होती.

"सनीभाऊ, साहेब विचारतायत, नवी मशीन या आठवड्यात चालू होईल का?"

"होऊन जाईल."

पडद्यामागं तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मागच्या वेळीही हेच म्हणालात. ते खरं धरून वर कळवतात, भाऊ. आताही तेच सांगू?"

सनी मान खाजवायला लागला. "नाही होणार, वहिनी. अजून पंधरा दिवस लागतील. पण साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

तिनं जपानीत सांगितलं. मला वाटलं, आता साहेब उठतोय. त्यानं लांब श्वास सोडला अन् डिंकाचा लाडू उचलला. सुप्रिया म्हणाली, "साहेब म्हणतात, बरं झालं कळलं. तसं वर कळवतील."

लाडू दोन खाल्ले. असली नातसून मिळाली, कुठली पुण्याई कामी आली कोण जाणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गवराबाईनं गावभर केलं. साखर अजून नेली न्हाई.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कंपनीचा निरोप आला — सव्वा महिना थांबतो, दुसरी बघत न्हाई. देवापुढं साखर ठेवली.

सुप्रियानं सासूला विचारलं, "आई, मग जाऊ ना कामाला?"

जयमाला म्हणाली, "बघू."

पोरीचं तोंड उतरलं. ते "बघू" मी इतकी वर्षं ऐकतेय. म्हटलं, "जयमाला, सनीवाणी करू नको. जाऊ देणार का न्हाई?"

तिचे डोळे भरले. "जाऊ दीन ओ. पण लेकरू दुधासाठी रडलं, तर मी त्याला काय देऊ?"

एवढंच होतं तिच्या मनात. अन् आमी समजत होतो, सासूपणा करतेय. सुप्रियानं लगेच फोन लावला, जपानीत. लई वेळ बोलली.

रविवार, ९ नोव्हेंबर

ओदा साहेब अन् सनी आज बाळाला झबलं घेऊन आले. साहेबानं मोजे दारातच काढून खिशात घातले. सव्वा महिना संपला की परत येणार म्हणाले — सोमवारी, १ डिसेंबरला, गाडी घेऊन. कंपनीत बाळासाठी एक खोली मोकळी केलीय. गाडीत सुप्रिया, बाळ अन् जयमाला. नवं पातळ आत्ताच काढून ठेवलंय तिनं.