शिट्टीवाल्याची टाइल

ता. ११, मंगळवार, सकाळ

चि. ठिकरीस,

आजीचे आशीर्वाद. घेताना पाठ ताठ ठेव, भट्टीपुढे वाकून वाकून तुझी कमान झाली असेल. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे माझ्या वयाचे आहेत, बाकी मी नाही. तुझ्या बापाला थोडी सर्दी आहे. हवा बदलली की होते.

अक्षराला हसू नकोस. दुसरीपर्यंतची शाळा, त्यातली अर्धी पट्टी खाण्यात गेली. शेजारीण लिहून देते म्हणत होती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून स्वतःच बसले.

तुझ्या पेट्या पोचल्या. एकही टाइल फुटली नव्हती. खाणीच्या फाटकाजवळच्या भिंतीचं काम तुला देणाऱ्या साहेबांच्या माणसाने फाटकापुढे सगळ्या जमिनीवर मांडून बघितल्या तेव्हा मी गेले होते. काठी टेकत टेकत गेले, पण गेले. टाइल्सवर आपली खाण बघितली. आता तिथे नुसतं हिरवं पाणी आणि गंजलेल्या क्रेनची तंगडी उरली आहे, पण तू ती चालू असतानाची काढलीस. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, त्यांवर माणसं, घमेली घेतलेल्या बायका. सुरुंग उडायच्या आधीची घटका. सगळे आडोशाला निघालेत, आणि डाव्या टोकाला उंच दगडावर तुझे आजोबा गाल फुगवून शिट्टी वाजवताहेत. शिट्टी झाली की हातातलं टाकून निघायचं, मागे वळायचं नाही, हा खाणीचा कायदा. तुला हे कोणी सांगितलं? मी तर नाही. मी तुला भांडी घासायला सांगत होते.

तोंड हुबेहूब जमलंय. चित्रातली मी मात्र इतकी बारीक कधीच नव्हते. असो.

तुझा बाप त्या दिवशी आला नाही. ती बिस्किटं बघायला मी जाणार नाही, म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. बिस्किटं हा त्याचा शब्द तुला ठाऊक आहेच. त्यावर तू जाताना जे बोललीस तेही मला पाठ आहे. तुमच्या दगडानं या घरात काय ठेवलं, खोकलाच ना, असं म्हणालीस. दोघांचंही बोलणं खरं होतं, म्हणून तर दोघांनाही झोंबलं. मी तेव्हा मध्ये पडले नाही, आताही पडत नाही. मी फक्त झालेलं सांगते.

झालं असं. साहेबांचा माणूस टाइल्स चिकटवायला लागला, कसल्याशा पांढऱ्या लेपाने. ठोक्या तिथेच उभा होता. तोच, तुझ्या बापाचा खाणीतला जोडीदार, सुरुंगाच्या आवाजाने अर्धा बहिरा झालेला. त्याने घरी येऊन ओरडून सांगितलं की पोरीच्या टाइल्स वर्षभरात खाली येणार. तुझा बाप उठला, ओळंबा घेतला, थापी घेतली आणि चपला न घालता गेला. त्या माणसाला काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. माणूस गेला तो परत आला नाही.

तर भिंत तुझ्या बापाने लावली आहे. साहेबांनी तुला हे कळवलं नसणार. त्याने एक पैसा घेतला नाही. ठोक्या माल कालवून द्यायचा, हा लावायचा. एक थर झाला की त्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि वरचा धरायचा. मी डबा पाठवायची, डबा तसाच परत यायचा. म्हटलं, लागू दे. इतक्या वर्षांत त्याला कामाची अशी भूक मी बघितली नव्हती.

परवा गोणपाट काढलं.

ठिकरे, आता खाली बस. हातात काही असेल तर ठेव.

त्याने सांधे मोडलेत. पाथरवटाचा हात आहे तो. दगडी भिंतीत सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत उभी फाटते, हे त्याला त्याच्या बापाने चालायच्या आधी शिकवलं. तुझ्या टाइल्स चौकटीत एकाखाली एक बसायच्या होत्या. याने एक थर अख्ख्या टाइलने सुरू केला, दुसरा अर्ध्याने, तिसरा अख्ख्याने, चौथा अर्ध्याने. तुझे आकडे त्याने पाळले, हो. पाठीमागचा प्रत्येक आकडा बघून लावलाय. पण एकाआड एक थर अर्धी टाइल बाजूला सरकलाय.

म्हणजे काय झालं ते तुला माझ्यापेक्षा आधी कळलं असेल. माझं डोकं वजनकाट्यावरच्या काटेवाल्याच्या खांद्यावर जाऊन बसलंय. तो काटेवाला आयुष्यभर मला वहिनी म्हणत होता, आता दोघं कायमचे असे भिंतीवर. घमेली एकीकडे, हात दुसरीकडे. ठोक्याला तर मानच नाही, तो म्हणतो तसाही तिचा मला त्रासच होता.

मध्येच ठोक्याने विचारलं होतं म्हणे, की चित्र सरकतंय का. तुझा बाप त्याच्यावर खेकसला. "माझ्या मुलीला चित्र शिकवू नकोस. तिने विचार करूनच काढलं असेल. आपण भिंत बघायची." 

हे वाक्य दोनदा वाच. मी पुन्हा लिहिणार नाही, हात दुखतो.

साहेब आले, मागे सरकून बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, फारच आधुनिक आहे. फोटो काढले. कोणी एक बाई म्हणाल्या की माणसं हलल्यासारखी वाटतात. हलल्यासारखी नाही, मोडल्यासारखी वाटतात. तू आपली समजूत घालून घेऊ नकोस. चूक आहे, मोठी आहे, आणि तुझ्या इतक्या दिवसांच्या कामावर आहे. मी त्याची बाजू घेत नाही. तू रागावलीस तर ते बरोबरच आहे.

तुझा बाप मात्र मागे सरकून बघताक्षणी समजला. फाटकापाशी जो न घडवलेला दगड पडून आहे त्यावर बसला, ते संध्याकाळपर्यंत.

दुपारी पुढे लिहिते. मध्ये भात लागला.

एक गोष्ट सकाळी लिहायची टाळली. भिंतीवर तुझे आजोबा नाहीत.

म्हणजे धड आहे, दगडावरचे पाय आहेत, वर उचललेला हात आहे. तोंडाची टाइल नाही. तिथे साध्या आभाळाचा अर्धा तुकडा बसवलाय. सगळे पळताहेत आणि शिट्टी वाजवणाराच नाही. साहेबांना तेही आधुनिक वाटलं. मी घरी आले आणि शोधलं. तुझ्या बापाच्या कपाटात, त्याच्या लग्नातल्या सदऱ्यात गुंडाळलेली सापडली. अख्खी.

मी विचारलं. तेव्हा बोलला. तो थर अर्ध्या टाइलने सुरू व्हायचा होता आणि पहिलीच टाइल आजोबांच्या तोंडाची निघाली. पेन्सिलने मध्ये रेघ मारली, अगदी नाकावरून. कटर ठेवला. म्हणाला, "आई, माझ्याच्याने झालं नाही. ते माझ्याकडे बघत होते." मग उरलेल्या आभाळाचा तुकडा घेतला, तोंड खिशात घातलं आणि पुढे लावत गेला. रेघ अजून आहे. मी पुसली नाही, तू बघावीस म्हणून.

आता मुद्द्याचं. त्याला सगळी भिंत फोडून नीट लावायची आहे, रविवारच्या उद्घाटनाच्या आत. आणि ते होता कामा नये. सर्दी आहे असं वर लिहिलं ते खोटं. छातीत दगड भरलाय त्याच्या, तुझ्या आजोबांच्या होता तोच. डॉक्टरने फोटो दाखवला, मला त्यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टरचं तोंड कळलं. धुळीपासून लांब राहा म्हणाले. आणि या शहाण्याने इतके दिवस एकाआड एक थर हातकटरने कापत बसून धूळ खाल्ली. रात्री उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतो. जिना दोनदा थांबल्याशिवाय चढत नाही. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. मी त्याची आई आहे, त्याच्या शपथा मला लागत नाहीत.

छिन्नी, हातोडा, कटर, सगळं मी पेटीत घालून कुलूप लावलंय आणि हे पत्र त्या पेटीवर बसूनच लिहिते आहे. तो समोर येरझाऱ्या घालतो. घालू दे.

भिंत फोडायची की ठेवायची हे तू ठरव. काम तुझं आहे. फोडायची असेल तर तू येऊन फोड, तोंडाला फडकं बांधून, आणि तो लांब खुर्चीत बसून तुला शिव्या देईल, ओळंबा दाखवेल. ठेवायची असेल तर त्या अर्ध्या जागेत हे अख्खं तोंड कसं बसवायचं ते तूच सांग. ठोक्या म्हणतो शेजारची टाइल थोडी कापावी लागेल. शेजारी मीच आहे. माझी हरकत नाही, तसंही तू मला बारीक केलंच आहेस.

पण रविवारच्या आधी ये. माफी मागायला नको, द्यायला नको. तो खोकला बघ आणि तुला काय बोलायचं ते त्यासमोर बोल. मला वाटतं काहीच बोलणार नाहीस, ते चालेल.

तो आत्ता विचारून गेला, कोणाला लिहितेस. म्हटलं, माहीत असून विचारतोस. दारात उभा राहिला, दम घेतला आणि म्हणाला, "तिला लिही, बिस्किट फार कडक होतं. कटरची दोन पाती मोडली."

तेवढं लिहायला सांगितलं, लिहिलं. त्याच्याकडून याहून जास्त या जन्मी मिळणार नाही, आणि त्याच्यापाशी जन्म किती उरलाय ते तुला सांगितलंच आहे.

टाइल माझ्या खिडकीत उभी केली आहे. आजोबांचे गाल फुगलेले आहेत. शिट्टी झाली असं समज आणि हातातलं टाकून नीघ.

पेटीवर बसलेली,
आजी