पहिली किक कुणाची

आण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. उलट तेलपाणी करून जपलाय मी तो. भिंगारच्या आपल्या गॅरेजात आता मीच बसते. शेवगावहून लोक टेम्पोत जुनी बुलेट घालून आणतात आणि 'ताई, इंजन तुमीच उघडा, दुसऱ्याला हात लावू देऊ नका,' म्हणतात. हे तुम्हाला मुद्दाम कळवते आहे.

ती सकाळ आठवते? लष्कराच्या लिलावातून तुम्ही एक बुलेट आणली होती, पार गंजलेली. तिचं इंजिन मी उघडलं, मी धुतलं, मीच बसवलं. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून शिकवत होतात आणि चुकलं की पाना हातातून हिसकावून घेत होतात. "कान दे, कान! नुसत्या हाताला काय कळतंय?" मी कान दिला. आपल्या गॅरेजची रीत होती, ज्यानं इंजिन बसवलं त्यानं नारळ फोडायचा आणि पहिली किक मारायची. म्हणून मी त्या दिवशी न्हाऊन, बूट चढवून तयार. शेजारचे दुकानदार जमलेत, आई दारात हळदकुंकू घेऊन उभी आहे. मी नारळ उचलते, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून काकांच्या पोराला देता. त्यानं त्या इंजिनाचा एक नटसुद्धा फिरवला नव्हता. "तू बाजूला हो," तुम्ही म्हणालात, "पोरीचा पाय लागल्यालं इंजन कोन घेनार?" सगळे हसले. आईसुद्धा हसली. गाडी पहिल्या किकेला चालू झाली आणि तुम्ही त्याची पाठ थोपटलीत. पुढं ती गाडी विकलीही नाहीत, जाताना त्यालाच देऊन गेलात.

आता परवाचं ऐका. पारनेरकडच्या माळावर जुन्या गाड्यांची शर्यत होती. मी माझी बुलेट काढली, तुमचा पुतण्या तुमची घेऊन आला. या जुन्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला, नव्या गाड्यांच्या बरोबर उलटं. हा गडी वर्षभर नवी गाडी फिरवतो, तुमची फक्त मिरवायला काढतो. घाईत त्याचा पाय चुकणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुढं जाता येत असूनही शेवटच्या वळणापर्यंत मी त्याच्या मागंच राहिले. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. वळण आलं, त्यानं ब्रेक समजून उजवा पाय दाबला, वरचा गिअर पडला आणि गाडी वळायची सोडून सरळ कुणाच्या तरी बाजरीत घुसली. मी आरामात वळण घेतलं आणि पहिली आले. चारचौघांत तुम्ही ज्याचा पाय निवडला होता, त्यानंच चारचौघांत तुमचं नाक कापलं.

तो गाडी ढकलत आला. त्याला खरचटलंही नव्हतं, टाकीला मात्र हा मोठा पोचा.

"ताई, ब्रेकच लागला न्हाई गं."

"गिअर दाबलास तू, येड्या. आण्णांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं हुतं की. लई डाव."

मग म्हणाला, "तूच नीट करून दे आता." देईन. पण पहिली किक मी मारून इंजिन चालू केल्याशिवाय त्याला गाडीजवळ उभा करणार नाही.

बक्षीस देताना माईकवाल्यानं मला विचारलं, "हे गाड्यांचं काम कुणाकडून शिकलात ताई? वडिलांकडून?" एवढी माणसं ऐकत होती. मी म्हणाले, "नाही. वडिलांनी मला काही शिकवलं नाही. माझं मीच शिकले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचं नाव त्या माळावर कुणी घेतलं नाही, मी घेऊ दिलं नाही.

खोटं बोलले, माहीत आहे मला. उद्या कुणी विचारलं तरी हेच सांगणार. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, गॅरेजातल्या शेगडीत जाईल. फक्त एक सांगते आण्णा, टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी गर्दीत तुम्हाला शोधत होते. तुम्ही ते ऐकायला हवे होतात.