चिंचणीला विचार करायला गेले तेव्हा

बोईसर

तीर्थरूप खंडेराव मामा,

खिडकीत बसून नुसता विचार करणारं माणूस कामावर आहे म्हणायचं, की रिकामं आहे म्हणायचं? मी पदवीधर असूनही (आपल्या घरातली पहिली, हे तुम्ही प्रत्येक लग्नात पंगतीला सांगता, म्हणून आठवण करून देते) मला याचं उत्तर येत नाही. नमस्कार आधी करायचा राहिला, तो आता करते. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्यांत थेंब घालायला कोणी असतं का, की त्या अंदाजानेच घालतात आणि मग गालाला गुण येतो? आमच्याकडे सगळे ठीक आहेत. बाबांची या आठवड्यात सकाळची पाळी आहे, त्यामुळे ते संध्याकाळी घरी असतात आणि पुण्याचं काय ठरलं, असं रोज माझ्या तोंडाकडे बघून विचारतात.

तुम्हीही फोनवर तेच विचारलंत. पुण्याची नोकरी तुम्ही शब्द टाकून मिळवलीत, साहेब माझ्या होकारासाठी थांबलेत, हे सगळं मला कळतं. उत्तर याच पत्रात आहे. फक्त तिथे पोचायला वेळ लागेल, कारण वाटेत चिंचणी लागते.

झालं असं. पालघरच्या ज्या संस्थेत मी सध्या आहे, तिच्या हेमांगीताईंना उमरोळी स्टेशनजवळ कामगारांच्या मुलींसाठी अभ्यासिका काढायची आहे. त्या म्हणाल्या, प्रतीक्षा, आराखडा तू लिही, सोमवारी विश्वस्तांपुढे ठेवू. मान्य झाला तर अभ्यासिका तूच चालव, नाही झाला तर खुशाल पुण्याला जा. आता आमच्या दोन खोल्यांत आराखडा कसा लिहायचा? एका खोलीत टीव्ही असतो आणि दुसऱ्या खोलीत त्या टीव्हीचा आवाज असतो. शेवटी ताईच म्हणाल्या, शनिवार-रविवार धरून कुठेतरी शांत जागी जा. त्यांच्या ओळखीने मी चिंचणीला ‘विजया निवास’मध्ये खोली घेतली. हे लॉज नव्हे, मामा. चिकूच्या वाडीतलं राहतं घर आहे आणि मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्यात. घरच्यांसोबत ओटीवर जेवायचं, पाणी विहिरीचं, आणि पंखा आहे तो त्याच्या मनाला येईल तेव्हा फिरतो.

खोली बघितली आणि मला वाटलं, आता आराखडाच काय, राज्यघटनासुद्धा लिहून होईल. खिडकीतून चिकूची झाडं, त्यांच्यापलीकडे सुरूची रांग, आणि सुरूंच्या मधून समुद्र दिसत होता. ओहोटीचा समुद्र फार लांब गेलेला असतो. ओल्या वाळूवर आभाळ पडलेलं असतं आणि त्यातून एखादी बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत जाते, तेव्हा ती आभाळातूनच चालली आहे असं वाटतं. मी लॅपटॉप उघडला, ‘प्रस्तावना’ असं लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसले. माझ्या डोळ्यांपुढे अभ्यासिका उभी राहिली. पांढऱ्या भिंती, लांबलचक बाकं, ओळीने वाकलेल्या वेण्या. एक मुलगी डॉक्टर झाली, एक कलेक्टर झाली, एक परत येऊन माझ्या पाया पडायला लागली आणि मी तिला मोठ्या मनाने उठवत होते, तेवढ्यात मांडीवर काहीतरी जड येऊन बसलं.

ती चिकूची टोपली होती. समोर विजयाकाकू उभ्या होत्या. (घराच्या मालकीण त्या. आत्मारामकाका मालक आहेत, पण ते बहुतेक झाडावर असतात.) काकूंनी विचारलं, “पोरी, बरं वाटत नाय का?” मी म्हटलं, काकू, मी विचार करतेय. त्या म्हणाल्या, “कर ना. पन विचार काय हातानं करतेस? हात तर मोकळेच हायत.”

त्या घराची रीतच तशी आहे. झाडावरून उतरलेल्या चिकूवर तपकिरी भुकटी असते, ती फडक्याने पुसायची, मग फळं लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी करायची, आणि ज्याचे हात रिकामे दिसतील त्याच्यापुढे टोपली ठेवायची. त्यात पाहुणा, पोस्टमन असा भेद नाही. मी सरळ नाही म्हणू शकले असते. पण माझ्या प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य मी मनात ‘श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे’ असं जुळवून ठेवलं होतं. ते वाक्य डोक्यात आणि टोपली मांडीवर, अशा वेळी मी टोपली खाली ठेवली असती तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं. शिवाय शिकलेली मुलगी कामाला लाजते असं कोणी म्हणू नये, ही माझी जुनी खोड तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मी मोठ्या आनंदाने फडकं मागितलं. काकूंनी ते आणलंच होतं.

शेजारच्या खोलीत कमलेशभाई नावाचे विक्रेते होते. कारखान्यांना पंप विकायला ते वापीहून येतात. संध्याकाळी ते इस्त्रीच्या शर्टात ओटीवर आले आणि कोणी न सांगता टोपली ओढून बसले. मला म्हणाले, “मॅडम, कंपनी में बोलता हूँ टूर पे हूँ, घर पे बोलता हूँ टूर पे हूँ, और चीकू यहाँ पोंछता हूँ.” त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांचा हेवाच वाटला.

आणि खरं सांगू का मामा, मलाही ते फार आवडायला लागलं. फळ हातात घ्यायचं, फिरवायचं, भुकटी झडली की आतून मऊ गव्हाळ रंग वर येतो. एक झालं की दुसरं घ्यायचं. दुपारचं ऊन पानांतून गळत असतं, विहिरीवरचा पंप झोपेत घोरल्यासारखा वाजत असतो, आणि आपण कोण, कुठले, आपल्याला सोमवारी काय द्यायचंय, हे सगळं हळूहळू पुसलं जातं. शनिवार असा गेला. मग रविवारही गेला. मधूनच मला आराखडा आठवायचा आणि मी खोलीत धावायचे. पण चिकूच्या देठाचा चीक बोटांना लागलेला असायचा, त्यामुळे लॅपटॉपचं बटण दाबलं की ते बोटाबरोबरच वर यायचं. (क, र आणि म ही अक्षरं अजूनही जरा हळू चालतात.)

आता सुलूबद्दल सांगते. सुलू म्हणजे काकूंची पुतणी, बारावी झालेली. तिला नर्सिंगला जायचंय आणि त्याची प्रवेश परीक्षा जवळ आली आहे. रविवारी दुपारी मी हात धुवायला मागे गेले तर न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता आणि आतून सुलू शरीरातल्या हाडांची नावं एकामागून एक म्हणत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या पदरात, म्हणजे ओढणीत, पुस्तक होतं. मी विचारलं तर म्हणाली, नळ चालू असला की काकीला वाटतं मी कपडे धुते, मग ती हाक मारत नाही. “पुस्तक धरलेला हात तिला रिकामाच दिसते, ताय. पानी लय जाते, टाकी खाली झाली की काका झाडावरून बोंबलते. पन तवर एक धडा होते.”

मग तिने मला विचारलं, तू काय लिहितेस? मी तिला पांढऱ्या भिंती सांगितल्या, बाकं सांगितली, दृष्टिकोन, सर्वांगीण विकास, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते ठीक हाय. आतून कडी लागते का तिला?”

मामा, मी तिथेच न्हाणीच्या पायरीवर बसले. ती खोली मी दोन दिवस डोळ्यांपुढे बघत होते, पण तिच्या दाराकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी आराखडा लिहिला. तो असा झाला: ‘मुलींना एक खोली द्यावी. तिला आतून कडी असावी. आत बसलेली मुलगी वाचत असो, पेंगत असो की छताकडे बघत असो, तिला कोणीही काम सांगू नये.’ यापुढे मला काही सुचलं नाही. श्रमाची प्रतिष्ठा राहूनच गेली.

निघताना मी काकूंना धीर करून म्हटलं, सुलूला अभ्यासिकेत पाठवाल का? तिथे काय काम असेल, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मुली नुसत्या बसतील. काकू म्हणाल्या, “बसायला उमरोळीपरेंत जायाचं?” आणि त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या माझ्यासाठी चिकू बांधून परत आल्या आणि दुसरीकडेच बघत म्हणाल्या, “मालाचा टेम्पो जाते त्या बाजूला. त्यात बसून येल. मला कोनी कवा बसवलंच नाय कुटं, मला काय ठावं बसून काय होते.” त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

सोमवारी विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्ष कृष्णकांत सरांनी आराखडा वाचला, कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि म्हणाले, एवढंच? मी हो म्हटलं. चहा यायच्या आत वाचून झालेला हा संस्थेतला पहिलाच आराखडा, तेव्हा वर्षभर करून बघू, म्हणाले. मानधन मात्र पुण्याच्या पगाराशेजारी उभं केलं तर लाजून खाली बसेल असं आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
प्रतीक्षा

ता. क. १. इतकं लांबण लावलं त्याचं कारण आता सांगते. मला पुण्याला जायचं नाही, आणि हे बाबांना तुम्ही सांगावं अशी विनंती आहे. कारखान्याच्या गेटपासून कँटीनपर्यंत त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी पुण्यात खुर्चीवर बसणार. इतकी वर्षं ते मशीनपुढे उभे आहेत. त्यांच्याकडे बघून मला हे बोलवणार नाही. तुमचं ते ऐकतात.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजा. हे लिहीत होते तेवढ्यात बाबा पाळीवरून आले आणि एवढं मोठं पत्र कुणाला, असं विचारलं. मी सांगून टाकलं. त्यांनी डबा धुऊन पालथा घातला. चहा निवला. मग म्हणाले, “तिथं तुला बसायला काय असंल?” मी म्हटलं, मुलींना बाकं आहेत, मला स्टूल आहे. “स्टुलाला पाठ नसती,” म्हणाले, आणि अंघोळीला गेले. रागावलेत की नाही ते अजून कळलेलं नाही. पण तेवढ्या वेळात मी पुण्याच्या साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, ते मी दिलं नाही. तुम्हाला त्यांचा फोन येईलच. उमरोळीच्या खोलीची किल्ली मी कालच घेतली आहे.